टाकी फुल्ल, काटा अर्ध्यावर : जुन्या स्पोर्ट्स कारचा फ्युएल गेज घरच्या घरी कसा तपासायचा?

ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना पेट्रोल मोजायची जुनी पद्धत नक्की आठवत असेल. टाकीचं झाकण उघडायचं, स्कूटर दोन्ही हातांनी हलवायची आणि आतल्या आवाजावरून अंदाज बांधायचा. वाटेत बंद पडलीच तर एका बाजूला झुकवायची, रिझर्व्हचा कॉक फिरवायचा आणि जवळचा पंप गाठायचा. कारमध्ये ही सोय नाही. तिथे सगळा भरवसा डॅशबोर्डवरच्या एका काट्यावर असतो.

नव्या गाडीत हा काटा बिघडला तर फार डोकं लावावं लागत नाही. सर्व्हिस सेंटर अख्खं युनिट बदलून देतं, बिल भरा आणि घरी या. पण गाडी वीस-पंचवीस वर्षं जुनी, त्यात दोन सीटची स्पोर्ट्स कार, म्हणजे मुळात थोड्याच बनलेल्या, असं असेल तर सुटा भाग मिळणंच मुश्किल. मग गॅरेजवाले सांगतात, ‘साहेब, काट्याकडे बघू नका, दर दोनशे किलोमीटरला पेट्रोल टाका.’ बरेच हौशी मालक वर्षानुवर्षं असंच चालवतात. एक दिवस गाडी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या उड्डाणपुलावर, संध्याकाळी सात वाजता, मधल्या लेनमध्ये बंद पडते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर नुसता मनस्ताप नाही, खर्चही आहे. इलेक्ट्रिक पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कोरड्या टाकीत तो फिरत राहिला की त्याचं आयुष्य कमी होतं. आणि ज्या गाडीचा गेज मिळत नाही तिचा पंप तरी सहज कुठे मिळणार?

जुहूत आमच्या ओळखीच्या एका काकांकडे अशीच एक फायबरग्लास बॉडीची, उघड्या टपाची जुनी गाडी आहे. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा अर्ध्यावर. काकांना दिवाळीनंतर काकूंना घेऊन याच गाडीने गोव्याला जायचं होतं आणि काकूंची अट एकच होती : काटा नीट झाला तरच मी बसणार. गाडी कुठल्या कंपनीची ते इथे मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष कशाचा होता आणि तो कसा सापडला हे सांगतो. पद्धत कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

काटा पेट्रोल मोजत नाही

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. डॅशबोर्डवरच्या गेजला पेट्रोल ‘दिसत’ नाही. तो फक्त त्याच्यातून किती करंट वाहतोय ते दाखवतो. टाकीत एक फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट वर-खाली होतो, त्याची दांडी फिरते आणि दांडीच्या टोकाची पत्री एका रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. या अख्ख्या जुळणीला सेंडर म्हणतात. आपले वायरमन त्याला ‘टाकीचं युनिट’ किंवा नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात.

म्हणजे सर्किट अगदी सरळ आहे : बॅटरी, इग्निशन स्विच, गेज, वायर, सेंडर आणि परत बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं एका ओळीत जोडलेलं. एका ओळीत जोडलेल्या सर्किटचा नियम आपण अकरावी-बारावीत शिकलो आहोत : वाटेत कुठेही रेझिस्टन्स वाढला की करंट कमी होतो, आणि तो नेमका कुठे वाढला हे काट्याला कळत नाही. काट्याच्या दृष्टीने गंजलेला जोड आणि कमी पेट्रोल या दोन्ही गोष्टी सारख्याच!

आता गेजचे दोन मुख्य प्रकार. जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या आणि त्यावरून आपल्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत उष्णतेवर चालणारा गेज असतो. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी आणि तिच्याभोवती बारीक तार. करंट वाहिला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. दुसरा प्रकार चुंबकीय, दोन कॉइलमधल्या ओढाताणीवर चालणारा. तुमच्या गाडीत कुठला आहे हे ओळखायला काही उघडायची गरज नाही. चावी फिरवा. काटा आळसावून दहा-पंधरा सेकंदांत वर चढला तर उष्णतेचा. टणकन उडी मारून जागेवर गेला तर चुंबकीय.

उष्णतेच्या गेजसोबत बहुतेक वेळा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, बंद असताना १२ च्या आसपास. गेजला हा चढउतार चालत नाही, म्हणून ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत सरासरी १० व्होल्ट देणारी डबी बसवत. जुनी डबी मजेशीर असते : ती दाब कमी करत नाही, तर पुरवठा सतत चालू-बंद करून सरासरी १० ला आणते. आजच्या भाषेत सांगायचं तर पल्स विड्थ मॉड्युलेशन, पण एकही ट्रान्झिस्टर न वापरता, नुसत्या तापणाऱ्या पत्रीवर. तापमानाचा गेजही बहुधा याच डबीवरून चालतो. त्यामुळे पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच शून्य दाखवायला लागले, तर टाकीकडे जाऊच नका, आधी डबी तपासा. काकांच्या गाडीत तापमानाचा काटा शहाण्यासारखा वागत होता, म्हणजे डबी सुटली.

किती ओहम म्हणजे फुल्ल?

इथे जगभरात एकमत नाही, आणि इंटरनेटवरून सेंडर मागवणारे इथेच फसतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना ३० च्या आसपास. युरोपीय पद्धतीत बरोब्बर उलटं : रिकामी १० आणि फुल्ल १८०. अमेरिकेतल्या एका मोठ्या गटाच्या जुन्या गाड्यांत रिकामी ० आणि फुल्ल ९०. म्हणजे एका पद्धतीचा सेंडर दुसऱ्या पद्धतीच्या गेजला जोडला तर काटा फिरेल, पण उलटा. म्हणून स्वतःच्या गाडीचे आकडे स्वतः मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

आता काकांच्या गाडीची लक्षणं आकड्यांत मांडू. सोयीसाठी गेजचा स्वतःचा रेझिस्टन्स ६० ओहम धरा आणि पुरवठा १० व्होल्ट. टाकी फुल्ल, सेंडर ३० ओहम. करंट = १० भागिले ९०, म्हणजे १११ मिलिअँपिअर. टाकी अर्धी, सेंडर ८० ओहम. १० भागिले १४०, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. टाकी रिकामी, सेंडर २४०. १० भागिले ३००, म्हणजे ३३.

आता वाटेत कुठेतरी एका गंजलेल्या जोडाने ५० ओहम वाढवले असं समजा. टाकी फुल्ल असताना एकूण झाले ६० + ३० + ५० = १४० ओहम. करंट ७१. काट्याच्या मते टाकी अर्धी! आणि रिकामी असताना? ६० + २४० + ५० = ३५० ओहम, करंट २९. खरा आकडा ३३ होता. म्हणजे रिकाम्या बाजूला चूक जेमतेम चार-पाच मिलिअँपिअरची, आणि भरलेल्या बाजूला चाळीसची.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत रिकाम्या टाकीला काटा जवळजवळ बरोबर असेल, पण भरलेल्या टाकीला खूप कमी दाखवत असेल, तर संशय जोडांवर घ्या, सेंडरवर नको. काकांचं म्हणणं नेमकं हेच होतं : ‘अरे, संपत आलं की बरोबर सांगतो रे, भरल्यावरच नाटकं करतो.’

युरोपीय पद्धतीत हाच गंज जास्त धोकादायक. तिथे ओहम वाढले की काटा वर जातो. १० ओहमच्या रिकाम्या टाकीला ५० ओहमचा गंज जोडला की गेजला दिसतात ६०, म्हणजे पाव टाकीपेक्षा जास्त. टाकी कोरडी, आणि तुम्ही निवांत गाणी ऐकत चाललात. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात असंच झालं होतं. पेट्रोलमध्ये जास्तीचं गंधक राहिलं, त्याने सेंडरमधले चांदीचे संपर्क खराब झाले आणि टाकी रिकामी असताना काटे फुल्ल दाखवू लागले. म्हणजे बिघडलेला काटा कुठल्या बाजूला खोटं बोलणार, हे तुमच्या गाडीची पद्धत ठरवते.

जुहूची हवा आणि फायबरग्लास

बहुतेक गाड्यांची बॉडी पत्र्याची असते आणि निगेटिव्ह वायर म्हणून हाच पत्रा वापरतात. सेंडर टाकीला, टाकी पत्र्याला, पत्रा बॅटरीला. एक वायर वाचली. पण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. तिथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक सेंडरला परतीची वेगळी वायर लागते, आणि अशा चार-पाच वायरी एका बोल्टवर एकत्र आणून चॅसीला जोडतात. एक बोल्ट, एक थिंबल, आणि त्यावर अर्ध्या गाडीची मदार.

आपल्याकडचं फायबरग्लास स्पोर्ट्स कारचं प्रसिद्ध उदाहरण गोव्यातलंच आहे. सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, आत रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. फार थोड्या विकल्या गेल्या, पण मुंबई-पुण्यात अजून एखादी दिसली की माना वळतातच. अशा सगळ्याच गाड्यांच्या मालकांनी वायरिंगचा नकाशा बघताना परतीच्या वायरी आधी शोधाव्यात. पत्र्याच्या गाड्यांवर हात बसलेला वायरमन सवयीने जवळच्या कुठल्याही बोल्टला अर्थिंग लावतो. बोल्ट फायबरमध्येच संपत असेल तर त्या अर्थिंगचा उपयोग शून्य.

त्यात जुहू. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे. चौपाटीच्या बाजूच्या इमारतींत एसीच्या बाहेरच्या युनिटचं काय होतं, ग्रिल किती वर्षांत रंगवावी लागते, हे तिथल्या लोकांना विचारा. खारी दमट हवा तांब्याच्या वायरीवर हिरवट थर चढवते आणि पितळी थिंबल पोखरते. गाडी रोज धावत असेल तर जोड गरम होऊन थोडे कोरडे तरी राहतात. हौशी गाडी मात्र स्टिल्ट पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी, पंधरा दिवसांतून एकदा बाहेर. पावसाळ्यात तर कव्हरच ओलं.

पेट्रोल आणि जुहू यांचा जुना संबंध आहे म्हणून एक आडवाट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं छोटं पस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून आलं होतं असं सांगतात. इंधन डब्यांच्या हिशेबात मोजायचा तो जमाना.

दोष कुठे आहे? निम्म्याने शोधा

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. शंभर बदलांपैकी कुठल्या बदलाने प्रोग्रॅम मोडला हे शोधताना आम्ही मधला बदल तपासतो. तिथे ठीक असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या निम्म्यात. एका ओळीतल्या सर्किटलाही हेच चालतं. मधली जागा म्हणजे टाकीजवळचा कनेक्टर. तो सोडवा आणि सेंडरच्या जागी खोटा सेंडर लावा.

खोटा सेंडर म्हणजे काय, तर साधे रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशांत मिळतात. ३३, ८२ आणि २२० ओहमचे, प्रत्येकी २ वॅटचे घ्या (पाव वॅटचे छोटे घेऊ नका, तापतील). इग्निशन बंद ठेवून गेजकडून येणारी वायर आणि एक खात्रीची निगेटिव्ह वायर यांच्यामध्ये रेझिस्टर जोडा, मग चावी फिरवा. निगेटिव्ह थेट बॅटरीवरून ओढा, बॉडीवरून नको. ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत ३३ ला काटा फुल्लजवळ, ८२ ला अर्ध्यावर, २२० ला रिकाम्याजवळ आला की गेज, स्टॅबिलायझर आणि पुढून मागे येणारी वायर हे सगळं पास.

बरेच वायरमन रेझिस्टर वगैरे न लावता ती वायर सरळ बॉडीला टेकवतात आणि काटा हलतो का बघतात. चुंबकीय गेज हे सहन करतो. उष्णतेच्या गेजची बारीक तार मात्र जास्त वेळ टेकवलं तर जळू शकते, आणि मग गेला तो गेज. दहा रुपयांच्या रेझिस्टरसाठी हा धोका कशाला?

काकांच्या गाडीत तिन्ही रेझिस्टरना काटा जागच्या जागी आला. ‘गेज बदलावा लागेल’ हा आधी मिळालेला सल्ला तिथेच निकालात निघाला.

आता मागचा निम्मा भाग. टाकी फुल्ल होती. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेंडरच्याच दोन पिनांमध्ये मोजलं : ३१ ओहम. फुल्लला जेवढे हवेत तेवढेच. मग परतीची वायर पुन्हा जोडून मीटरचं एक टोक सेंडरच्या सिग्नल पिनवर ठेवलं आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर : ८३ ओहम. मधले ५२ ओहम कुठून आले? परतीच्या वाटेतून.

खात्रीसाठी दुसरी चाचणी, आणि माझ्या मते हीच जास्त भरवशाची. गंजलेला जोड मीटरच्या इवल्याशा करंटला एक आकडा सांगतो आणि खऱ्या करंटला दुसरा. म्हणून सगळं जोडून, इग्निशन चालू करून, सेंडरची परतीची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. जोड चांगला असेल तर जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१ व्होल्टच्या आत. इथे आले ३.६ व्होल्ट. गणित जुळतं का? १० भागिले (६० + ३१ + ५२) म्हणजे ७० मिलिअँपिअर. त्याला ५२ ने गुणलं की ३.६. जुळलं. (तुमच्या गाडीत जुना धडधडणारा स्टॅबिलायझर असेल तर आकडा वर-खाली उड्या मारेल, घाबरू नका. काकांच्या गाडीत तो आधीच इलेक्ट्रॉनिक केलेला होता.)

जोड साफ करणे : अर्ध्या तासाचं काम

डिकीच्या अस्तराखाली चॅसीवर बोल्ट सापडला. वरून बरा दिसत होता. नट सोडवला तर थिंबलच्या खाली पांढरी-हिरवी भुकटी. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवला, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, काळी पडलेली वायर तांबं लालसर दिसेपर्यंत मागे कापली, नवं कथलाचा मुलामा दिलेलं थिंबल घट्ट क्रिंप केलं आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर. शिवाय सेंडरपासून थेट चॅसीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची एक स्वतंत्र वायर टाकली. करंटच्या मानाने ती जाड आहे हे मला कळतं, पण बारीक वायर थरथरून तुटते.

व्होल्टेज ३.६ वरून ०.०२ वर आलं. काटा फुल्लवर गेला. काकांनी तेवढ्यात दोन-तीन फोन केले.

पण चार दिवसांनी पाव टाकीजवळ काटा थरथरायला लागला. खड्ड्यात गाडी गेली की शून्य, पुन्हा पाव, पुन्हा शून्य. आधी गंजाच्या मोठ्या चुकीखाली ही छोटी चूक झाकली गेली होती. एक बग काढला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसतो, आमच्याकडे हे रोजचंच.

टाकी उघडण्यापूर्वी

इथून पुढचं काम ज्याला हात नाही त्याने वायरमनकडूनच करून घ्यावं. हे औपचारिकता म्हणून लिहीत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्का झालं तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून सोसायटीच्या तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये टाकी अजिबात उघडू नका. स्टिल्टमध्येही शेजारच्या मीटर रूमचा, पाण्याच्या पंपाचा स्विच कधी चालू होईल सांगता येत नाही. मोकळ्या जागेत, बॅटरी काढून, मोबाईल लांब ठेवून, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून काम करा. सेंडरची रिंग अडकली असेल तर लोखंडी छिन्नी-हातोडा नको; लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने ठोका. टाकी आधी गाडी चालवूनच जवळजवळ रिकामी करा. आणि सर्किट तपासायचा दिवा टाकीच्या तोंडाशी कधीच वापरू नका.

सेंडर बाहेर आल्यावर तो पूर्ण सुकू द्या. मग मीटर लावून दांडी अगदी हळू वर-खाली करा आणि आकड्यांकडे बघत राहा. आकडा सलग बदलायला हवा. काकांच्या सेंडरमध्ये १४० ते १६० च्या मध्ये मीटर ‘उघडं सर्किट’ दाखवून पुन्हा परत येत होतं. कारण सोपं होतं. काट्यावर भरवसा नाही म्हणून काका नेहमी थोडंथोडंच पेट्रोल टाकत. गाडी वर्षानुवर्षं पाव टाकीवर उभी, म्हणजे पत्री एकाच जागी बसलेली, आणि तिथेच काळा थर.

संपर्काचा थर काढायला खरखरीत काही नको. ही पट्टी म्हणजे केसाएवढी तार गुंडाळलेली असते. पॉलिश पेपरने घासलीत तर तारच तुटेल. कॉन्टॅक्ट क्लीनर, कापूस आणि शाळेतलं साधं खोडरबर पुरतं. पत्री अगदी किंचित वाकवली तर ती झिजलेल्या रेषेऐवजी बाजूच्या कोऱ्या रेषेवरून सरकते. ही जुन्या वायरमनची युक्ती. पद्मिनी टॅक्सीच्या काळात मुंबईत असे हात गल्लोगल्ली होते. कुर्ल्यात बनलेल्या त्या गाडीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ते हात मात्र एकेक करून आधीच निवृत्त होत गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग शोधायला जाल तेव्हा तिथल्या एखाद्या पांढऱ्या केसांच्या वायरमनशी दहा मिनिटं बोला. वेळ वाया जाणार नाही.

फ्लोटही याच वेळी बघून घ्या. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला आणि आत खुळखुळलं तर त्यात भोक आहे, तो बुडतो आणि काटा कायम कमी दाखवतो. त्याला डाग देण्याच्या फंदात पडू नका. आत थेंबभर पेट्रोल राहिलं असेल तर गरम सोल्डरिंगच्या टोकाला तो फुटू शकतो. नवा लावा. फार जुन्या गाडीत लाखेचा लेप दिलेला बुचाचा फ्लोट असतो. त्याला आता वेगळाच शत्रू आहे. आपल्याकडे पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लाख इथेनॉलमध्ये विरघळते. लाख गेली की बूच पेट्रोल पितं आणि जड होतं. सेंडरखालचं जुन्या रबराचं गास्केटही इथेनॉलने फुगतं, म्हणून उघडलंच आहे तर इथेनॉल सोसणारं नवं घाला.

पाच-पाच लिटरचा हिशेब

सगळं परत बसवल्यावर ‘झालं’ म्हणून सोडून देऊ नका. टाकी जवळजवळ रिकामी आहे, हीच मोजमापाची संधी. सोबत ओळखीचा पंपवाला असेल तर उत्तम, कारण त्याला दर वेळी थांबायला सांगायचं आहे. थोडंथोडं पेट्रोल भरा, गाडी बाजूला सपाट जागी घ्या, दोन मिनिटं थांबा, काट्याची जागा लिहा. ओहम मोजायचे असतील तर ते डिकीतल्या कनेक्टरवर, पंपाच्या आवारापासून लांब आणि टाकीचं झाकण बंद असताना. (पंपाच्या मापावर शंका असेल तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं. मागा, दाखवावं लागतं.)

काकांच्या ४० लिटरच्या टाकीचे आकडे असे आले : जवळजवळ रिकामी २३८ ओहम, १० लिटरला १५०, २० ला ८४, ३० ला ५२, फुल्लला ३१. पहिल्या १० लिटरमध्ये ८८ ओहम कमी झाले आणि शेवटच्या १० मध्ये फक्त २१. बघताना वाटतं, हे तर फारच वाकडं आहे. पण काटा ओहम दाखवत नाही, करंट दाखवतो. वरच्याच सूत्रात हे आकडे घाला : ३४, ४८, ६९, ८९, ११० मिलिअँपिअर. जवळपास समान पायऱ्या! ज्याने हा सेंडर बनवला त्याने तार गुंडाळायची पट्टी मुद्दाम एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती ठेवली, म्हणजे ओहमचा वाकडेपणा करंटमध्ये सरळ होतो. कॉम्प्युटर नाही, लुकअप टेबल नाही; पट्टीच्या आकारातच अख्खं टेबल कोरलेलं. ती पट्टी हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो होतो.

१० लिटरला, म्हणजे पाव टाकीला, काटा साधारण १८ टक्क्यांवर येतो. खऱ्यापेक्षा थोडा कमी. ही चूक तशीच राहू दिली, कारण ती सुरक्षित बाजूची आहे.

मधे एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून काटा अगदी अचूक करावा, असा मोह मलाही झाला. चुकीच्या पद्धतीचा सेंडर वापरण्याशिवाय पर्याय नसेल, तर तो मार्ग खरंच उपयोगी आहे : सेंडरचे ओहम वाचायचे, टेबलमधून खरे लिटर काढायचे, गेजला हवा तेवढा करंट द्यायचा. पण मूळ सेंडर चालत असताना ४० लिटर पेट्रोलच्या शेजारी घरी डाग दिलेलं सर्किट ठेवायला काका तयार नव्हते, आणि ते बरोबरच होते.

एक गोष्ट राहिली. लो फ्युएलचा पिवळा दिवा काट्यापेक्षा वेगळा चालतो. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी सेंडरच्या तळाशी एक थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. उघडा पडला की तापतो, त्याचा रेझिस्टन्स घटतो आणि दिवा लागतो. त्यामुळे काटा कितीही बिघडला तरी हा दिवा खरं सांगू शकतो, अट एवढीच की दोघांचा परतीचा बोल्ट एकच असला तर तो साफ हवा. तुमचा दिवा लागल्यावर टाकी फुल्ल करायला किती लिटर बसतात ते एकदा मोजून लिहून ठेवा. काकांच्या गाडीत ३४ बसले, म्हणजे दिव्यानंतर सहा लिटर हाताशी. जुहू ते पणजी साधारण सहाशे किलोमीटर आणि घाटात गाडी लिटरला बारा-तेराच देते, तेव्हा वाटेत पेट्रोल भरावं लागणारच. ते कुठे भरायचं हे काकूंनी आता स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय.